धागा: स्पोर्ट्स बाइकला बाहेरचा सायलेन्सर घरीच बसवायचाय (बेळगाव, खानापूर, निपाणीकडचे अनुभव सांगा)

केए२२_निंजा

मंडळी, जुनी निंजा ३०० घेतलीय. इंजिन ठणठणीत आहे, खरं आधीच्या मालकानं सायलेन्सर कुठंतरी जोरात आपटवलाय. खालून पोचा आलाय आणि आत काहीतरी खुळखुळतंय. कंपनीच्या नव्या सायलेन्सरची किंमत ऐकली आणि गप्प घरी आलो. शेवटी बाहेरचा स्लिप-ऑन (नुसता शेवटचा डबा) आणला, स्टेनलेसचा, डीबी किलरसकट (आवाज कमी करणारा आतला भाग). बेंड पाइप (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा) मूळचाच ठेवणार.

गॅरेजवाला म्हणतो सोडून जा, संध्याकाळी ने. मला ते नकोय. अनगोळात घराखाली पार्किंग आहे, पॅडॉक स्टँड आहे, सॉकेट सेट आणि ॲलन कीचा जुडगा आहे, टॉर्क पाना मामेभावाकडून मागून आणतो. व्हिडिओत सगळे दहा मिनिटांत बसवून मोकळे होतात, खरं त्यांच्या गाड्या शोरूममधून काल काढल्यासारख्या असतात. माझीनं बेळगावचे पावसाळे खाल्लेत, नट तांबडे पडलेत.

विचारायचंय ते असं: गंजलेले नट कसे काढायचे, बसवताना आधी काय घट्ट करायचं नि नंतर काय, आणि ट्यूनिंग करावं लागतं का?

लेथमास्तर_उद्यमबाग

बेंड मूळचाच ठेवणार ना? मग हेडवरच्या, म्हणजे बेंड इंजिनला धरणाऱ्या, नटांना हातच लावू नको. तांबडे असोत, काळे असोत, राहू देत तिथंच. आमच्याकडं हेडमध्ये तुटलेला स्टड (नट बसतो तो आट्यांचा दांडा) घेऊन पोरं येतात, त्यातल्या बऱ्याच जणांना बेंड काढायची गरजच नसते. "आलोच आहे खोलायला तर सगळंच साफ करू" म्हणून बसतात आणि मग गाडी टेम्पोतनं उद्यमबागेत येते.

तुला खोलायचंय ते दोनच ठिकाणी. सायलेन्सर बेंडला मिळतो तिथला क्लॅम्प, आणि मागं ब्रॅकेटला सायलेन्सर धरणारा बोल्ट. आदल्या संध्याकाळी दोन्हीकडं पेनिट्रेटिंग ऑइल मार, सकाळी परत मार. सॉकेट सहा कोनी घे. बारा कोनी सॉकेट गंजलेल्या नटाची टोकं गोल करतो आणि मग कुठलाच पाना धरत नाही. सोडवायच्या आधी नट किंचित आवळायच्या दिशेनं फिरवून बघ. गंजाचा थर तिथं मोडतो, मग उलटा सुटतो. जोर एकदम नको, दे-घे, दे-घे असं फिरव. पाव फेरी सुटला की पुन्हा थोडं ऑइल, परत आत, परत बाहेर.

नाहीच हलला तर उष्णता. गॅसची छोटी टॉर्च मिळते, नटाभोवती फिरवायची. खरं आधी ऑइल पुसून घे, फेअरिंग काढून लांब ठेव आणि पेट्रोलचा वास येत असेल तर टॉर्च पेटवूच नको. हे वाचून पार्किंगमध्ये उद्योग करणारे आहेत म्हणून मुद्दाम लिहितोय.

क्लॅम्प सैल झाला तरी जुना सायलेन्सर लगेच निघत नाही. आत कार्बन आणि जुनं पॅकिंग धरून बसलेलं असतं. सरळ ओढू नको, डावीकडं-उजवीकडं पिळत ओढ. लाकडी हातोडा चालतो, लोखंडी नको, नाहीतर बेंडचं तोंड चेंबेल आणि नवा सायलेन्सर कधीच नीट बसणार नाही.

घट्ट करायच्या क्रमावर सविस्तर लिहितो, आत्ता गिऱ्हाईक आलंय.

निपाणीचा_आर१५

मास्तर लिहिताहेत तोवर माझं सांगतो. माझ्या आर१५ व्ही३ ला (बीएस६) बेंडपासून आख्खा सेट बसवला, तोही घरीच. स्लिप-ऑन आणि फुल सिस्टिम यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्लिप-ऑनमध्ये तू शेवटचा डबा बदलतोस. फुल सिस्टिममध्ये हेडपासून सगळं निघतं, ऑक्सिजन सेन्सर काढून नव्या पाइपात घालावा लागतो, आणि बहुतेक सेटमध्ये कॅटेलिटिक कन्व्हर्टर (कॅट, धूर स्वच्छ करणारा भाग) नसतोच.

सेन्सर काढताना आधी वायरचा कनेक्टर सोडव, मग पाना लाव. उलटं केलं की वायर पीळ खाते आणि आतनं तुटते, वरनं दिसतही नाही. परत घालताना आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) अगदी थोडं, सेन्सरच्या टोकाला अजिबात नाही.

मजा आली का? आली. आवाज भारी का? भारी. गाडी पळते का जास्त? खरं सांगायचं तर वरच्या आरपीएमला, ७,४०० ला व्हीव्हीए (व्हॉल्व्हची उघडझाप बदलणारी यंत्रणा) उघडल्यानंतर, जरा मोकळी वाटते. खालच्या आरपीएमला जीव गेलाय. तवंदी घाट चढताना पूर्वी जिथं पाचवा गिअर चालायचा तिथं आता चौथा लागतो.

चिकोडी_रोडस्टार

बॅक प्रेशर गेलं भावा तुझं. इंजिनला मागनं थोडं प्रेशर लागतंच.

लेथमास्तर_उद्यमबाग

हे बॅक प्रेशरचं कुणीतरी एकदा सांगितलं आणि गावभर झालं. इंजिनला मागून दाब कधीच नको असतो. त्याला हवा असतो धुराचा वेग. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला की धुराचा एक जोरदार लोट पाइपातून जातो. बोगद्यातून रेल्वे गेली की मागची हवा तिच्यापाठोपाठ ओढली जाते ना, तसं त्या लोटामागं दाब कमी होतो आणि सिलिंडरमधला उरलेला धूर ओढला जातो. त्याच वेळी इनटेक व्हॉल्व्ह जरासा उघडायला लागलेला असतो, म्हणून नवं मिश्रणही ओढलं जातं. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की वेग पडतो आणि खालच्या आरपीएमला ही ओढ मिळत नाही. निपाणीकर, तुमचा घाटातला चौथा गिअर तिथं आहे. मिश्रणाचीही भानगड असणार, त्याचं पुढं.

आता क्रम. यात नव्वद टक्के पोरं चुकतात, कारण त्यांना पहिला बोल्ट लागला की तो आवळून टाकायची घाई असते.

पहिलं, नवं पॅकिंग. सायलेन्सरच्या जोडाचं पॅकिंग एकदा दाबलं गेलं की परत वापरायचं नाही. नवं नसेल तर व्हर्नियरनं बेंडचा बाहेरचा व्यास मोज आणि मापाचं घेऊन ये.

दुसरं, सगळं आधी हातानं. क्लॅम्प सैल, मागचा बोल्ट सैल, स्प्रिंगा नंतर. सायलेन्सर बेंडवर पूर्ण आत सरकव. मग मागनं बघ, बाजूनं बघ. स्विंगआर्मला घासतो का, मागच्या ब्रेकच्या नळीजवळ येतो का, मागं बसणाऱ्याची टाच लागते का. स्टँडवरून उतरवून मागची सीट जोरात दाबून बघ, सस्पेन्शन खाली गेल्यावर जागा उरते का ते. हे सगळं सैल असतानाच जमतं.

तिसरं, इंजिनकडून मागं यायचं. फुल सिस्टिम असेल तर आधी हेडचे नट, दोन्ही आळीपाळीनं, थोडं इकडं थोडं तिकडं, म्हणजे फ्लँज सरळ बसतो. मग मधला जोड, मग सायलेन्सरचा क्लॅम्प आणि सगळ्यात शेवटी मागचा ब्रॅकेटचा बोल्ट. ब्रॅकेट आधी आवळलास तर पाइप ताणलेल्या अवस्थेत अडकतो. इंजिन हादरतं, पाइप तापून लांबतो, आणि ताण जातो कुठं? एकतर हेडचा स्टड मोडतो नाहीतर ब्रॅकेटचं वेल्डिंग उकलतं. मग आर्गॉन वेल्डिंगला आमच्याकडं या.

टॉर्क किती हे विचारशीलच. गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला आकडा अंतिम. ढोबळ अंदाज म्हणून, एम-६ ला १० आणि एम-८ ला २० न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या बोल्टला "अजून थोडं" कधीच करायचं नाही, आटे गेले की हेलिकॉइल (नव्या आट्यांची तारेची गुंडाळी) घालावी लागते.

केए२२_निंजा

मास्तर, नमस्कार घ्या. स्प्रिंगांचं काय? माझ्या स्लिप-ऑनला क्लॅम्पही आहे आणि दोन स्प्रिंगाही आहेत. पक्कडीनं ओढल्या तर हात सुटून मनगटाला लागतंय.

वैदेही_शहापूर

स्प्रिंग पुलर मिळतो, आकड्यासारखा, त्याला मूठ असते. महाग नाही. नसेल तर जाड सुती दोरी दुहेरी करून स्प्रिंगच्या हुकात घाल, दुसरं टोक स्क्रूड्रायव्हरला गुंडाळ आणि ओढ. आणि डोळ्यांवर चष्मा घाल रे बाबा, सुटलेली स्प्रिंग सरळ तोंडावर येते. दुसरी युक्ती अशी की स्प्रिंग वाकवून तिच्या वेटोळ्यांमध्ये एक-एक वॉशर किंवा नाणी सरकवत जायचं. स्प्रिंग आपोआप लांब होते, मग आरामात हुकात अडकवायची आणि नाणी काढून घ्यायची.

माझी आरसी ३९० आहे. वडिलांचं गॅरेज असल्यामुळं हे सगळं लहानपणापासून बघितलंय. दोन गोष्टी राहिल्या त्या सांगते.

सगळं बसवून झालं की इंजिन चालू करायच्या आधी आख्खा पाइप स्पिरिटनं किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून काढ. स्टेनलेसवर बोटांचं तेल राहिलं आणि पाइप तापला की बोटांचे ठसे कायमचे भाजून बसतात. नव्या पाइपावर पोराच्या पंजाचे पाचही डाग घेऊन फिरणारे मी बघितलेत.

आणि पार्किंग बंद असेल तर गाडी बाहेर काढूनच चालू कर. पहिल्यांदा चालू केल्यावर पाइपावरचं तेल, पॅकिंगचा गोंद जळून थोडा वेळ पांढरा धूर येतो, ते ठीक आहे. खरं बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नसतो, कळतच नाही.

चिकोडी_रोडस्टार

एवढं करून डीबी किलर ठेवणार? मग काय उपयोग गा? एक ॲलन बोल्ट किंवा सर्कलिप काढला की बाहेर येतो. माझा पहिल्याच दिवशी काढलाय. हायवेवर आवाज असला की ट्रकवाला तरी बाजूला होतो.

वैदेही_शहापूर

ट्रक तुझ्या पुढं असतो, आवाज तुझ्या मागं जातो. बंद केबिन, डिझेल इंजिन, त्यात टेपवर गाणी. तुझा सायलेन्सर त्याला तू बरोबरीला आलास की ऐकू येतो, तेव्हा उशीर झालेला असतो. त्यासाठी हॉर्न दिलाय. हॉर्न पुढं बघतो.

आणि हायवेचं सोड, शहापूर-वडगावच्या गल्ल्यांत ये. दोन्ही बाजूला घरं, मधे दहा-बारा फुटांचा रस्ता, आवाज भिंतींवर आपटून दुप्पट होतो. रात्री अकराला कुणीतरी थ्रॉटल मारत गेला की आमच्या शेजारचं तान्हं बाळ उठतं आणि मग आख्खी गल्ली उठते. नियमानं राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे, दिवसा ५५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, तिथं त्याहून कमी.

मी स्वतः बाहेरचा सायलेन्सर वापरते, म्हणून कुणी मला "तुला बाइकमधलं काय कळतं" म्हणू नये. डीबी किलर आत आहे आणि गल्लीच्या तोंडापासून घरापर्यंत मी दुसऱ्या गिअरमध्ये हळू येते.

चिकोडी_रोडस्टार

अहो ताई, तुम्हाला कोण काय म्हणतंय! खरं गणपतीच्या मिरवणुकीत डीजे चालतो तेव्हा बाळ उठत नाही होय?

वैदेही_शहापूर

उठतं की. तेव्हाही शिव्या देते.

काळा_कोट

कायद्याचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. बरेच जण "बेळगावात पकडतात, कोल्हापुरात सोडतात" किंवा उलटं सांगत असतात. कोगनोळी नाका ओलांडला म्हणून कायदा बदलत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ हा केंद्राचा आहे. जागेवर तडजोडीची रक्कम किती घ्यायची हे राज्य ठरवतं, म्हणून पावतीवरचा आकडा इकडं-तिकडं वेगळा दिसतो, एवढंच.

कलम ५२: नोंदणी पुस्तकात जे तपशील आहेत त्यांत आणि निर्मात्यानं मुळात ठरवलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे कलम कडकपणे वाचलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आलं. मालकानं परवानगी नसलेला बदल केला तर प्रत्येक बदलामागं ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज आणि धुराच्या मानकांचा भंग कलम १९०(२) मध्ये येतो: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तीन महिने लायसन्स अपात्र. शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १२० सायलेन्सर सक्तीचा करतो.

आवाजाचे आकडे: ८० सीसीपर्यंतच्या दुचाकीला ७५ डेसिबल, ८० ते १७५ सीसीला ७७, १७५ सीसीच्या वर ८०. ही मर्यादा गाडी बनवतानाची आहे. मापन ठरावीक पद्धतीनं होतं, गाडी वेग घेत जाते आणि मायक्रोफोन तिच्या मार्गाच्या मध्यरेषेपासून साडेसात मीटरवर असतो. तेव्हा मोबाइल ॲप सायलेन्सरला चिकटवून "माझा ९५ आला, तुझा ९२" हे खेळ बंद करा.

डेसिबलची पट्टी सरळ चालत नाही हेही लक्षात घ्या. ३ डेसिबल वाढले की आवाजाची ऊर्जा दुप्पट, १० वाढले की दहापट. कानाला १० डेसिबलचा फरक साधारण दुप्पट मोठा वाटतो. ८० च्या जागी ९० म्हणजे "थोडासाच जास्त" नव्हे.

निपाणीचा_आर१५

वकीलसाहेब, माझ्या सायलेन्सरवर युरोपचा ई-मार्क कोरलाय. तो दाखवला तर?

काळा_कोट

तो मार्क युरोपच्या नियमांसाठी आहे आणि तोही ठरावीक मॉडेलला, डीबी किलर आत असतानाच. तुमच्या नोंदणी पुस्तकावर आणि इथल्या मान्यतेवर त्यानं काही फरक पडत नाही. आणि निपाणीकर, राग मानू नका, तुमच्या सेटमध्ये कॅट नाही असं तुम्हीच लिहिलंय. आवाजाचा भाग बाजूला ठेवला तरी धुराचा मुद्दा उरतोच.

विम्याचंही बघा. बदल कळवलेला नसेल तर दाव्याच्या वेळी कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

लेथमास्तर_उद्यमबाग

ई-मार्कवरून आठवलं. बाजारात तीन-चार हजारांत अक्रापोविच मिळतो. अक्रापोविच ही स्लोव्हेनियाची कंपनी, तिचा खरा स्लिप-ऑन त्या पैशात येणं शक्यच नाही. स्टिकर चांगला असतो, लेसरनं कोरलेला नंबरसुद्धा असतो. डबा उघडला की आत भोकाभोकाची नळी आणि तिच्याभोवती मूठभर ग्लासवूल.

स्वस्तातला घ्यायचा तर घ्या, सगळ्यांची ऐपत सारखी नसते. खरं घेताना आतल्या नळीचं वेल्डिंग बघा, ब्रॅकेटचा पत्रा किती जाड आहे बघा, आणि डबा हलवून बघा. कंपनीच्या सायलेन्सरमध्ये कप्पे असतात. धूर एकातून दुसऱ्यात फिरतो आणि आवाज कप्प्यांत आपटून मरतो. बाहेरच्यात धूर सरळ जातो आणि आवाज ग्लासवूलमध्ये मुरतो. हे वूल जळतं, उडून जातं. ते गेलं की आवाज फाटतो आणि डब्याचा बाहेरचा पत्रा जास्त तापायला लागतो. तेव्हा रिव्हेट ड्रिल करून नवं वूल भरायचं. "जुना झाला की आवाज खुलतो" म्हणतात ना, ते वूल जळत असतं.

केए२२_निंजा

वकीलसाहेबांचं वाचून जरा गार झालो. दंड टाळायचा तर मूळचाच दुरुस्त करून वापरावा असं वाटायलंय. मास्तर, मूळ सायलेन्सरचा पोचा आणि खुळखुळ नीट होते का?

लेथमास्तर_उद्यमबाग

खुळखुळतोय म्हणजे आतला एखादा पडदा वेल्डिंगमधून सुटला असणार. डबा मागच्या बाजूनं कापून, पडदा जागेवर लावून परत आर्गॉननं शिवता येतो. पोचा बाहेर काढायला पत्र्यावर सळई टॅक करून ओढतात. दिसायला अगदी नवा होत नाही, काळा हीट पेंट मारावा लागतो. मात्र आवाज मूळचा येतो. आत कॅट असेल तर त्याला आच लागू न देता कापावं लागतं. त्याचा मधमाशीच्या पोळ्यासारखा ठोकळा असतो, त्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा थर. तो फुटला तर मग डब्याला अर्थ नाही.

माझं मत विचारशील तर रोजच्या वापराला मूळचा दुरुस्त करून ठेव. आणलेला स्लिप-ऑन ट्रॅकवर जायचं असेल तेव्हा लाव. लावायचं-काढायचं शिकलास की एका दुपारचंही काम नाही. खरं तुझा पैसा, तुझी गाडी.

खानापूर_जंगलवाट

मधेच घुसतोय. माझी आरआर ३१०. स्लिप-ऑन लावल्यापासून थ्रॉटल सोडला की फटाके वाजतात. चोर्ला घाट उतरताना तर दिवाळी. पोरं म्हणतात भारी वाटतंय, मला इंजिनची काळजी वाटायलीय. गॅरेजवाला म्हणतो ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) रिमॅप कर, म्हणजे त्यातला इंधनाचा नकाशा बदल.

लेथमास्तर_उद्यमबाग

रिमॅपला पैसे घालायच्या आधी गळती शोध. थ्रॉटल सोडल्यावर फटाके वाजायचं सगळ्यात साधं कारण म्हणजे जोडातून बाहेरची हवा आत ओढली जाणं. न जळलेलं थोडं पेट्रोल, गरम पाइप आणि ताजी हवा एकत्र आली की फट्.

गाडी गार असताना साबणाचं पाणी जोडावर घाल, चालू कर आणि बुडबुडे बघ. किंवा सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं क्षणभर दाबून धर. जोड गळत असेल तर तिथून फस्स ऐकू येईल. हे पाइप तापायच्या आत करायचं. काळी काजळीची रेघ जोडातून बाहेर आली असेल तर शोधायचीही गरज नाही.

आणि गळती बुजवायला साधं लाल सिलिकॉन थापू नको. बेंडजवळच्या उष्णतेला ते टिकत नाही, आणि त्याची वाफ ऑक्सिजन सेन्सरपर्यंत पोचली तर तो कामातून जातो. एक्झॉस्टसाठीची वेगळी पेस्ट मिळते. खरं नवं पॅकिंग नीट बसलं तर पेस्टही लागत नाही.

सेन्सरच्या आधी गळती असेल तर आणखी गंमत. सेन्सरला बाहेरचा ऑक्सिजन दिसतो, ईसीयूला वाटतं पेट्रोल कमी पडलं, ते वाढवत राहतं. मायलेज पडतं आणि पोरं म्हणतात "सायलेन्सर बदलल्यावर पेट्रोल पितेय".

खानापूर_जंगलवाट

म्हणजे स्लिप-ऑनला ट्यूनिंग लागतच नाही?

लेथमास्तर_उद्यमबाग

सेन्सरवाली गाडी, कॅट जागेवर, डीबी किलर आत: बहुतेक वेळा लागत नाही. एका वेगानं चालताना ईसीयू सेन्सर बघून मिश्रण सांभाळून घेतो. मात्र पूर्ण थ्रॉटलला बहुतेक गाड्या सेन्सरकडं बघत नाहीत, आत लिहून ठेवलेल्या नकाशावर चालतात. फुल सिस्टिम, कॅट नाही, वर मोकळा एअर फिल्टर असं सगळं एकदम केलं की तो नकाशा चुकतो. मिश्रण कोरडं होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं, इंजिन जास्त तापतं. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल, त्याला तेवढ्याच हवेत जास्त इंधन लागतं. जुन्या, सेन्सर नसलेल्या गाडीत मिश्रण आधीच कोरड्याकडं झुकलेलं असतं, त्यात ही भर. निपाणीकर, तुमच्या घाटातल्या चौथ्या गिअरमध्ये याचाही वाटा असू शकतो. जमलं तर डायनोवर (गाडीची ताकद मोजायचं यंत्र) हवा-इंधनाचं प्रमाण मोजून घ्या. नुसतं कानानं ट्यून करणाऱ्याकडं जाऊ नका.

ताकदीचं म्हणाल तर स्लिप-ऑननं हातात काही येत नाही, वजन मात्र खरंच कमी होतं. दोन्ही डबे दोन हातांत धरले की कळतं.

निपाणीचा_आर१५

मान्य. एमिशन टेस्टची तारीख जवळ आलीय, कॅटवाला मूळ सेट परत चढवतोय. हेडचा एक नट मात्र जाम बसलाय. बसवताना स्टडला काहीच लावलं नव्हतं का कुणास ठाऊक, तेव्हा बरोबर आलेल्या मेस्त्रीनं शेवटचं आवळलेलं.

लेथमास्तर_उद्यमबाग

जबरदस्ती करू नका. गंज फुगतो, मूळ लोखंडापेक्षा जागा जास्त घेतो, म्हणून नट स्टडला धरतो आणि तुम्ही नट फिरवायला गेलात की आख्खा स्टड फिरतो किंवा मोडतो. ऑइल मारून एक रात्र ठेवा. मग नटालाच आच द्या, स्टडला नको. नट फुगतो, पकड सुटते. नटासकट स्टड बाहेर आला तर उलट बरं, नवा स्टड घालायचा.

मोडलाच आणि थोडा बाहेर राहिला असेल तर त्यावर नट ठेवून आतून वेल्ड करतात आणि त्या नटानं फिरवून काढतात. हेड ॲल्युमिनियमचं, स्टड लोखंडाचा. सारख्या उष्णतेला ॲल्युमिनियम जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणून वेल्डिंगच्या आचेनंच पकड ढिली होते. हेडच्या पातळीत मोडला तर घरी ड्रिल घेऊन बसू नका. भोक जरा तिरकं गेलं की हेडचं काम निघतं. गाडी दुकानात आणा. परत बसवताना आट्यांना तांब्याची अँटी-सीझ लावायची, आणि ती लावली की टॉर्क थोडा कमी ठेवायचा, कारण निसरड्या आट्यांवर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

खानापूर_जंगलवाट

मास्तर, साबणाचं पाणी घातलं. क्लॅम्पच्या खालच्या बाजूनं बुडबुडे. पॅकिंग बाहेर काढलं तर एका बाजूला दुमडलेलं, बसवणाऱ्यानं तिरकंच ढकललेलं. नवं घातलं, तुमच्या क्रमानं आवळलं. फटाके जवळजवळ गेले. लांब उतारावर एखादा वाजतो अजून.

लेथमास्तर_उद्यमबाग

एखादा चालतो. गाडी तापून गार झाली की क्लॅम्प आणि ब्रॅकेटचा बोल्ट परत एकदा टॉर्क पान्यानं बघ. नवं पॅकिंग पहिल्या तापण्यात दबतं आणि क्लॅम्प सैल पडतो.

केए२२_निंजा

माझं ठरलं. मूळ सायलेन्सर काढला, तुम्ही सांगितलं तसं दे-घे करून क्लॅम्प सुटला. पिळत ओढायला मात्र भावाला बोलवावं लागलं. हेडच्या नटांना हात लावला नाही. मूळचा दुरुस्तीला तुमच्याकडं आणतो मास्तर. तोवर गाडी उभीच ठेवतोय. स्लिप-ऑन बसवून बघितला, जागा बघून घेतली, मागच्या सीटवर भावाला बसवून दाबून बघितलं. ब्रेकच्या नळीपासून बोटभर अंतर आहे, पुरेल का?

वैदेही_शहापूर

गार असताना बोटभर म्हणजे तापल्यावर कमी. नळीला मधे क्लिप लावून आतल्या बाजूला बांध, तिला हीट स्लीव्ह घाल. आणि बेंडच्या उघड्या तोंडात कापडाचा बोळा कोंबून ठेव, उभ्या गाडीत उंदीर घर करतात. बोळ्याला मोठी लाल दोरी बांध, म्हणजे चालू करताना विसरणार नाहीस.

चिकोडी_रोडस्टार

निंजावाल्या, तुझा स्लिप-ऑन विकणार असशील तर सांग. माझ्या मित्राकडं पण निंजा ३०० आहे. आणि हो ताई, डीबी किलर परत घातलाय. चिकोडीत नाक्यावर साहेबांनी स्वतः वाकून सायलेन्सरच्या आत बघितलं.

काळा_कोट

पावती फाडली का?

चिकोडी_रोडस्टार

फाडली की. वर मूळचा लावून गाडी दाखवायला या म्हणाले. मूळचा गोदामात कुठंतरी आहे, शोधायलोय.